वाळवंटात मुक्कामाला निघालीस ना, मग हे ऐक

तुझी यादी वाचली. सनस्क्रीन सगळ्यात वर आहे आणि लोकरीचे कपडे कुठेच नाहीत. आधी ते बदल बाई. डिसेंबरच्या अखेरीस अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आरव्ही (चाकांवरचं घरच ते) घेऊन राहायचं म्हणजे तयारी उन्हाची नव्हे, रात्रीची करायची. दुपारी मुलं हाफ चड्डीत हुंदडतील, आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर थोड्याच वेळात तुझ्या सासूबाई शाल मागतील. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे जमिनीने दिवसभर धरून ठेवलेली ऊब रात्री भराभर निघून जाते. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला डिसेंबरात दुपारी साधारण १८ अंश सेल्सियस असतं आणि पहाटे ४ अंशांच्या आसपास. तेही ती सखल जागा म्हणून. जोशुआ ट्रीमधली कॅम्पग्राउंड्स ३००० ते ४४०० फूट उंचीवर आहेत, तिथे पहाटे पारा शून्याखाली जातो. तेव्हा प्रत्येकाला कानटोपी, जाड मोजे आणि झोपताना घालायला एक वेगळा स्वेटर. आजी-आजोबांसाठी गरम पाण्याची पिशवी घे. ती विजेवर चालणारी नको, साधी रबरी घे. का ते पुढे सांगते.

आता जागांचं. बुकिंग करताना सगळे फोटो सारखेच दिसतात: मागे जांभळे डोंगर, पुढे सग्वारो निवडुंग, मध्ये पांढरी आरव्ही. पण तुमची रात्र कशी जाईल हे त्या फोटोवर ठरत नाही. त्या जागेवर वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्या जोडण्या आहेत का, यावर ठरतं. तिन्ही असतील तर तो फुल हूकअप. काही ठिकाणी वीज-पाणी असतं पण सांडपाण्याची सोय नसते, काही ठिकाणी नुसती वीज, आणि राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक वेळा काहीच नाही. काहीच नसलं की लोक त्याला ड्राय कॅम्पिंग म्हणतात. ही एक गोष्ट प्रत्येक बुकिंगसमोर लिहून ठेव, बाकी सगळं त्यावरून आपोआप ठरत जाईल.

खाजगी आरव्ही पार्क कसं असतं याची कल्पना आधीच असू दे, म्हणजे पोचल्यावर मुलांचे चेहरे उतरणार नाहीत. मेसा, अपाचे जंक्शन, टूसॉन, यूमा या भागात अशी पार्क्स रांगेने आहेत. खडी पसरलेली जमीन, आखलेल्या अरुंद जागा, प्रत्येकीत एक टेबल आणि विजेचा खांब. शेजारची गाडी इतकी जवळ की त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते आपल्याला दिसतं. एकांत मिळत नाही. पण गरम पाण्याचे स्वच्छ शॉवर मिळतात, कपडे धुण्याची मशिनं मिळतात, पोहण्याचा तलाव असतो आणि रात्री काही अडलं तर विचारायला माणूस असतो. पहिली रात्र अशाच पार्कमध्ये काढा, हा माझा आग्रह आहे. नवी गाडी, कोणतं बटण कशाचं ते माहीत नाही, त्यात अंधार. अशा वेळी जवळ वीज आणि माणसं असलेली बरी. कपड्यांच्या मशिनसाठी पाव डॉलरची नाणी घरूनच आण. आणि पोचायला उशीर होणार असेल तर फोन करून सांग; ऑफिस बंद झाल्यावर येणाऱ्यांची नावं लिहून पाकिटं बाहेर लावून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

एक मात्र नीट बघ. यातली पुष्कळ पार्क्स ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव आहेत. अमेरिकेच्या कायद्यात अशा वसाहतींना तशी मुभा आहे, त्यामुळे मुलं दिसली की ते नाही म्हणू शकतात. संकेतस्थळावर ही अट कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. रात्री दमलेल्या मुलांना घेऊन परत फिरायची वेळ कुणावरही येऊ नये, म्हणून पैसे भरण्याआधी मुलांची वयं सांगून होकार घे.

त्याच पार्कमधली म्हातारी माणसं मात्र फार गोड. कॅनडा, मिनेसोटा, डकोटाच्या नंबरप्लेटा दिसतील. बर्फ टाळायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. तुझा नवरा गाडी मागे घेताना गोंधळलेला दिसला की दोन आजोबा न बोलावता येऊन हात दाखवत उभे राहतील. त्यांची मदत घ्या, संकोच करू नका. तुझ्या सासऱ्यांना बोलायला माणसं मिळतील, आणि न्यू जर्सीत महिनाभर खिडकीशी बसून काढलेल्या माणसाला त्याचं किती मोल असेल ते तुला ठाऊक आहे.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो राज्य आणि काउंटीच्या उद्यानांवर. सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी लॉस्ट डचमन स्टेट पार्क आहे, टूसॉनजवळ कॅटलिना स्टेट पार्क आहे, टूसॉनच्या पश्चिमेला काउंटीचं गिल्बर्ट रे आहे. या ठिकाणी वीज मिळते, दोन जागांमध्ये झाडोऱ्याचं अंतर असतं आणि दारातून उतरलं की खरंखुरं वाळवंट. गिल्बर्ट रेपासून अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम अगदी जवळ आहे. मुलांना तिथे अख्खा दिवस पुरणार नाही. सासूबाई-सासऱ्यांना घेऊन येणाऱ्या कुणालाही मी डोळे मिटून हीच उद्यानं सुचवते. पण सांडपाण्याची जोडणी तिथल्या सगळ्या जागांवर मिळत नाही, निघताना डम्प स्टेशनवर टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, तेवढं लक्षात ठेव.

राष्ट्रीय उद्यानांचं वेगळं. जोशुआ ट्रीच्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही. पाण्याचे नळ आणि डम्प स्टेशन ब्लॅक रॉक आणि कॉटनवूड इथे आहे, जम्बो रॉक्ससारख्या सुंदर ठिकाणी प्यायलाही पाणी नाही. उद्यानाच्या आत पेट्रोल पंप नाही, फोनला रेंज जवळजवळ नाहीच. मेक्सिकोच्या सीमेजवळचं ऑर्गन पाइप घे: ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडवर दोनशेवर जागा आहेत, नळ आहेत, पण जोडण्या नाहीत, आणि जनरेटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास एवढाच चालवायला परवानगी. हा नियम मला मनापासून आवडतो. वाळवंटातली शांतता अनुभवायला माणसं हजारो मैल येतात, आणि एका जनरेटरच्या घरघरीने ती सगळ्यांचीच जाते.

इथेच तुझ्या सासऱ्यांची आठवण करून देते. ते रात्री श्वासासाठी सीपॅपचं मशिन लावून झोपतात ना? जोडणी नसलेल्या जागेवर दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसच्या हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, पण भाड्याच्या गाड्यांमध्ये भिंतीतले प्लग बहुधा जनरेटर सुरू असेपर्यंतच चालतात. रात्री जनरेटर बंद, म्हणजे सीपॅप बंद. तेव्हा एक तर सगळ्या रात्री वीज असलेल्याच जागा घ्या, नाहीतर त्या मशिनला चालणारी वेगळी बॅटरी आधी विकत घेऊन घरी एक रात्र वापरून बघा. यात ‘बघू तिथे गेल्यावर’ नको. रबरी पिशवी घे म्हटलं तेही याचसाठी. इन्सुलिन गार ठेवायची काळजी नको, आरव्हीचा फ्रिज बहुधा गॅसवरही चालतो. फक्त गाडी सपाट जागी उभी हवी आणि फ्रिज गॅसवर गेलाय ना ते झोपण्याआधी बघायचं.

थंडी वाजते म्हणून हीटर रात्रभर चढा ठेवला तर त्याच्या पंख्यापायी बॅटरी पहाटे मान टाकते, आणि मग बरोबर सगळ्यात गार वेळेला गॅस असूनही ऊब नाही. कमी तापमानावर ठेवा आणि अंगावर जास्त घ्या. आणि एक गोष्ट माझ्या शपथेवर पाळ: ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. गाडीतला त्याचा अलार्म चालतोय ना, हे चावी घेतानाच तपासून घ्या.

वीज असलेल्या जागीही वीज अमर्याद नसते. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३६०० वॅट मिळतात. आता तुझी सकाळ डोळ्यांसमोर आण: चहाची केटल १५०० वॅट, आजींच्या पायाशी छोटा हीटर १५०० वॅट, इन्स्टंट पॉटमध्ये बटाटे १००० वॅट. बेरीज ४०००. ब्रेकर उडाला, आणि अंधारात सगळे एकमेकांकडे बघताहेत. चहा गॅसवर ठेव, संपला प्रश्न. ५० अँपिअरची जागा मिळाली म्हणून हुरळू नकोस. गाडीची वायरच ३० ची असेल तर तुला ३० च मिळणार.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण वाळवंटातल्या मुक्कामाचं सगळं सुखदुःख त्यातच आहे. वाळवंटी गावांचं पाणी बहुधा जड आणि मचूळ असतं. त्याने आंघोळ होते, भांडी होतात, पण चहा बिघडतो आणि आजी-आजोबा प्यायचंच टाळतात. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, तो लगेच उडून जातो, त्यामुळे तहान लागली नाही तरी अंगातलं पाणी कमी होत असतं. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हा इथला सर्वमान्य हिशेब आहे. तुम्ही सहा जण, म्हणजे दिवसाला सहा गॅलन निव्वळ प्यायला. ते दुकानातून मोठ्या बाटल्यांत भरून घ्या आणि टाकीतलं पाणी वापरायला ठेवा. सासूबाई सारखं बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पितील. त्यांना वेगळी बाटली दे, आणि दुपारपर्यंत ती संपली का ते मुलांना विचारायला लाव. नातवंडांना त्या नाही म्हणत नाहीत.

भाड्याच्या मध्यम गाडीत पाण्याची टाकी साधारण ३० ते ४० गॅलनची असते, गरम पाण्याची तर बहुधा सहाच गॅलनची. शॉवर सोडून उभं राहिलं तर तिसऱ्या माणसाला गार पाणी. आपल्याकडची बादली-तांब्याची आंघोळ इथे कामाला येते. एक घडीची बादली आणि एक तांब्या घे. पाच-सहा लिटरमध्ये मोठ्या माणसाची छान आंघोळ होते. एरवी कॅम्पग्राउंडवर शॉवर असतील तर तेच वापरा. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर नळाची नळी झोपण्याआधी काढून रिकामी करून ठेवा, नाहीतर सकाळी तिच्यात बर्फ. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नका. काही पार्कमध्ये दाब इतका असतो की गाडीतल्या पाइपचे सांधे सुटतात.

वापरलेलं पाणी कुठे जातं? सिंक आणि शॉवरचं ग्रे टँकमध्ये, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये. सगळ्यांना ब्लॅक टँकची धास्ती असते, पण माझ्या अनुभवात आधी भरतो तो ग्रे टँक, आणि तो भरतो भांड्यांनी. तेव्हा ताटं धुण्याआधी कागदाने स्वच्छ पुसायची, तेल-मसाला सिंकमध्ये जाऊ द्यायचा नाही. जमिनीवर खरकटं पाणी ओतायचं नाही, झाडाला घालते म्हणूनसुद्धा नाही. बहुतेक उद्यानांत त्याला मनाई आहे, आणि त्या वासाने प्राणी येतात. रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुऊन निघते. फुल हूकअप असला तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवून बसायचं नाही. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी बसतं. टाकी बरीच भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. हातमोज्यांचा मोठा डबा घे. आणि हे काम तुझ्या नवऱ्याचं. पहिल्या दिवशीच तसं ठरवून टाक.

स्वयंपाकाचं तुझं वेळापत्रक बघितलं, आणि खरं सांगू, मला राग आला. रोज दोन वेळा पोळी-भाजी-आमटी-भात? तू सुट्टीवर येते आहेस. गाडीतला ओटा दोन ताटांएवढा असतो, आणि लाल मिरचीची फोडणी घातलीस की धुराचा अलार्म केकाटतो आणि वास गाद्यांमध्ये चार दिवस राहतो. फोडणी बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर, वारा नसेल तेव्हा. हळद गाडीच्या पांढऱ्या सिंकवर सांडू देऊ नकोस, डाग जात नाही आणि भाडेवाले पैसे मागतात. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू, दशम्या, दाण्याची चटणी घेऊन ये. एका संध्याकाळी पिठलं-भात, एका संध्याकाळी मुगाची खिचडी, बाकीच्या दिवशी बाहेर जाळीवर भाजलेली कणसं, मिरच्या, पनीर. थंडीत शेकोटीजवळ खाल्लेल्या खिचडीला कुणीही नावं ठेवत नाही. लाकडं मात्र विकत घ्यायची. वाळलेली काटकी दिसली तरी राष्ट्रीय उद्यानात ती उचलायची नाही, किडे-सरडे-उंदीर यांचं घर तिच्याच आधाराने असतं.

कढीपत्ता आणू नकोस. अ‍ॅरिझोनातून कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइदजवळ हायवेवर शेतीची तपासणी चौकी आहे, तिथे गाडी थांबवून फळं-झाडं विचारतात. लिंबू-संत्र्यांच्या बागांना मारणारा रोग पसरवणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावर पोसली जाते, म्हणून ताजी पानं आणि माझ्या अंगणातली संत्री, दोन्हींवर बंधनं आहेत. विचारलं तर सरळ सांगायचं. त्याच रस्त्यावर घड्याळही एक तास मागे जातं, हे चेक-इनच्या वेळा ठरवताना धर.

कागदपत्रांचं त्याहून महत्त्वाचं. ऑर्गन पाइपहून किंवा टूसॉनच्या दक्षिणेकडून उत्तरेला येताना रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या असतात. तुम्ही मेक्सिकोत गेला नसलात तरी तिथे थांबवून नागरिकत्व विचारतात. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचे कागद सतत जवळ बाळगायचे असा कायदाच आहे. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रत, तुमची कागदपत्रं, सगळं एका पिशवीत हाताशी ठेव. घरी सुरक्षित कुलपात नको. अधिकारी शांतपणे विचारतात, शांतपणे उत्तर द्यायचं. म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवलंस तर ते घाबरणार नाहीत.

विंचू-सापांची भीती कमी कर. डिसेंबरात ते बहुतेक बिळात असतात. उबदार दुपारी एखादा रॅटलस्नेक दिसू शकतो, म्हणून दगडांच्या फटीत हात घालायचा नाही आणि बाहेर राहिलेले बूट झटकून घालायचे, एवढं पुरे. खरा त्रास देतो तो चोया निवडुंग. लांबून मऊ, केसाळ दिसतो आणि मुलं हात लावायला धावतात. नुसता स्पर्श झाला तरी त्याचा अख्खा गोळा तुटून अंगात रुततो. हाताने ओढायचा नाही. कंगव्याचे दात मध्ये घालून झटक्याने उडवायचा, मग उरलेले काटे चिमट्याने. एक जुना कंगवा आणि चिमटा दाराजवळच्या खणात ठेव. रात्री कायोटी कोल्ह्यासारखे ओरडतील, जवळ वाटतील, त्यांचा त्रास नसतो. फक्त अन्न बाहेर ठेवू नका. त्यांना खायला घालणारी माणसं त्यांचं नुकसानच करतात, कारण माणसाला सरावलेला कायोटी पुढे मारला जातो. आणि जोशुआ ट्रीच्या बाजूला गाडी हलवण्याआधी चाकांखाली वाकून बघण्याची सवय मुलांना लाव. उन्हाळ्याच्या दिवसांत वाळवंटी कासवं गाडीच्या सावलीला येऊन बसतात. थंडीत ती बिळात असतात, पण सवय चांगली. कासव दिसलंच तर उचलायचं नाही. घाबरून ते साठवलेलं पाणी टाकतं आणि पुढे तहानेने मरू शकतं.

वारा आणि पाऊस. गाडीच्या बाजूला कापडाचं छत असतं, ते उघडून त्याखाली बसायला फार सुरेख वाटतं. पण जागेवरून उठलात की ते गुंडाळायचं, झोपताना तर नक्कीच. वाळवंटातला वारा सांगून येत नाही, आणि एका झटक्यात ते छत गाडीच्या टपावर जाऊन पडतं. हायवेवर धुळीचं वादळ समोर दिसलं तर रस्त्यापासून जितकं दूर जाता येईल तितकं जाऊन थांबायचं, सगळे दिवे बंद करायचे, ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा माणूस तुम्हाला रस्ता समजून धडकतो. कोरड्या नदीच्या पात्रात, ज्याला इथे वॉश म्हणतात, गाडी उभी करायची नाही, ती वाळू कितीही सपाट दिसली तरी. पाऊस वीस मैलांवर डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. डेथ व्हॅलीत २० ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला, म्हणजे जवळजवळ वर्षभराचा. रस्ते वाहून गेले आणि उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. अ‍ॅरिझोनात तर पुराच्या पाण्यासाठी लावलेलं अडथळ्याचं फाटक ओलांडून कुणी अडकला तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो.

क्वार्टझसाइट बघायचंय असं तुझा नवरा म्हणतोय. बघा जरूर. सरकारी जमिनीवर हिवाळ्यात हजारो आरव्ही येऊन उभ्या राहतात, ना रस्ता आखलेला ना जागा. ला पोसा भागात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत परवाना घेऊन राहता येतं, तिथे पाणी आणि डम्प स्टेशन तरी आहे. त्याच्या आजूबाजूला चौदा दिवस फुकट राहता येतं आणि तिथे काहीही नाही. पण म्हाताऱ्यांना घेऊन रात्र तिथे नको, दुपार काढा. गावाच्या दफनभूमीत हाजी अलीची कबर आहे. अमेरिकन सैन्याने १८५६-५७ च्या सुमारास वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवान. इथल्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ केलं. तो १९०२ मध्ये वारला. दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट बसवलेली ती कबर तुझ्या सासऱ्यांना आवडेल. दूरदेशी येऊन तिथलाच झालेला माणूस आहे तो.

सीपॅपच्या बॅटरीची सोय झाली आणि ऑर्गन पाइपची रात्र मिळाली तर ती सोडू नका. येण्याआधी कालनिर्णयात अमावास्या बघ. आठच्या सुमारास दिवे बंद करा, शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतील असे बाहेरचे दिवे तर लावूच नका, आणि अंगावर पांघरुणं घेऊन खुर्च्यांत बसा. मृग नक्षत्र पूर्वेला वर चढलेलं असेल. मध्यरात्रीपर्यंत जाग राहिली तर व्याध दक्षिणेला येतो, त्याच्या सरळ खाली, क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर, अगस्त्य दिसतो. न्यू जर्सीत तो क्षितिजावर कधी येतच नाही. सासऱ्यांनी गावी लहानपणापासून पाहिलेला तारा आहे. त्यांना उठवायला लागलं तरी उठव.

डेथ व्हॅलीबद्दल तू दोनदा विचारलंस. जा. उन्हाळ्यात मी कुणाला जाऊ देणार नाही. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश तापमानाची नोंद आहे, आणि पुष्कळ भाडे कंपन्या उन्हाळ्यात गाडी तिथे न्यायला मनाई करतात. पण हिवाळ्यात त्यासारखी जागा नाही. फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या सुमारे १९० फूट खाली आहे आणि तिथे फुल हूकअपच्या फक्त १८ जागा आहेत. नाताळच्या आठवड्यात त्या सहा महिने आधीच जातात. सकाळी उठलीस की आधी रद्द झालेली जागा आलीय का ते बघ, लोक शेवटच्या आठवड्यात बेत बदलतात. नाहीच मिळाली तर समोरचं सनसेट कॅम्पग्राउंड म्हणजे खडीचं मोठं मैदान आहे, ना झाड ना आडोसा, जोडण्याही नाहीत. तिथून डोंगर छान दिसतात, पण सीपॅपचा प्रश्न आहेच. तसं असेल तर पाह्रम्पच्या बाजूला वीज असलेल्या पार्कमध्ये राहा आणि दिवसा आत जाऊन या. त्या बाजूने, डेथ व्हॅली जंक्शनवरून उतरणारा रस्ता मोठ्या गाडीला सोपा आहे. पश्चिमेकडून टाउन पासचा चढउतार पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याला नको. टाकी भरून आत शिरा, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि फोनने कच्चा रस्ता दाखवला तर ऐकू नका. भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्यावर विमाही बहुधा नसतो.

दिवसांचा हिशेब करता मला वाटतं, जोशुआ ट्रीचा मुक्काम तू सोडावास. तिथे वीज नाही, थंडी सगळ्यात जास्त, आणि त्या आठवड्यात जागा मिळणं कठीण. दिवसा थांबून चोयाची बाग बघा आणि पुढे सरका. वाचलेली रात्र गिल्बर्ट रेला वाढवा. कामंही आत्ताच वाटून टाका: टाक्या आणि नळ्या नवऱ्याकडे, छत आणि पायऱ्या थोरल्याकडे, पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब धाकटीकडे, सकाळचा चहा सासऱ्यांकडे. त्यांना आवडेल, विचारून तर बघ. तू काय करायचंस ते रिकामं ठेव.

बुकिंगं झाली की प्रत्येक रात्रीसमोर वीज आहे की नाही एवढं लिहून मला पाठव. त्यावरून इथून किती पांघरुणं द्यायची ते मी ठरवते, आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्याही भरून ठेवते. तुम्ही गाडी ताब्यात घेतलीत की आधी आमच्याकडेच या.